गोल चेहरा: अ‍ॅड्रिनलची गाठ की बाहेरचं स्टिरॉईड?

पावसाळ्यात आमच्या फोंड्यात कपडे धड वाळत नाहीत, आणि कमरेला, जांघेत गजकर्ण उठतं. फार्मसीतून आणलेल्या ट्यूबने खाज दोन दिवसांत थांबते, कारण अनेकदा त्यात स्टिरॉईड असतं. बुरशी मात्र पसरत राहते. माझ्या आतेचं तसंच झालं. पुढे तिचा चेहरा गोल झाला तेव्हा घरात सगळे म्हणाले, अंगाने भरली. मग मानेमागे उंचवटा आला, पोटावर रुंद जांभळे पट्टे उमटले, साखर चढली.

हा कुशिंग सिंड्रोम. बाहेरून रूप एकच, पण वाटा वेगवेगळ्या. इथे त्यातल्या दोन बघू.

मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी जेमतेम चार-पाच ग्रॅमच्या. त्यात गाठ झाली की ती मेंदूतल्या पिट्युटरीचा हुकूम न जुमानता कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉईड, बनवत सुटते. असे रुग्ण विरळा. गोळ्या, इंजेक्शनं, मलमं किंवा सांधेदुखीच्या बेनावी पुड्यांतून शरीरात गेलेलं स्टिरॉईड हे कितीतरी जास्त आढळणारं कारण. म्हणून स्कॅनच्या आधी औषधांचा डबा उघडावा, असं मी ठामपणे सांगेन.

रक्तात एसीटीएच, म्हणजे पिट्युटरीचा तो हुकूम पोचवणारं संप्रेरक, दोन्हीकडे कमीच सापडतं. फरक कॉर्टिसॉलमध्ये. गाठ असेल तर रात्री 11 वाजता 1 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन (कॉर्टिसॉल दाबणारं स्टिरॉईड) देऊनही सकाळी ते डेसिलिटरमागे 1.8 मायक्रोग्रॅमच्या खाली उतरत नाही. बाहेरचं स्टिरॉईड असेल तर स्वतःचं कॉर्टिसॉल आटलेलं असतं, ग्रंथी सुकलेली. मात्र प्रेडनिसोलोन हे स्टिरॉईड चालू असल्यास काही यंत्रं त्यालाच कॉर्टिसॉल समजून मोजतात.

उपाय म्हणूनच वेगळे. गाठ शस्त्रक्रियेने काढतात. गोळ्या मात्र घाबरून एका दिवसात फेकायच्या नाहीत. झोपलेली ग्रंथी जागी व्हायच्या आत रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. गाठ काढल्यावरही दुसऱ्या बाजूची ग्रंथी झोपलेलीच असते, त्यामुळे काही महिने हायड्रोकॉर्टिसोन लागतं.

बुरशीला ही वाट कोणती याचं सोयरसुतक नसतं. जास्तीच्या स्टिरॉईडने रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावल्या की तोंडात कॅन्डिडा, फुप्फुसात अ‍ॅस्परजिलस किंवा न्यूमोसिस्टिस शिरतो, आणि कॉर्टिसॉल तापही झाकून ठेवतं. 2021 ची काळी बुरशी आठवा: कोविडसोबत मधुमेह आणि स्टिरॉईड.

बुरशीची औषधंही या खेळात आहेत. किटोकोनाझोल कॉर्टिसॉलचं उत्पादन रोखतं, म्हणून कुशिंगमध्येही वापरतात. इट्राकोनाझोल उलट अडचण करतं: दम्याच्या पंपातलं ब्युडेसोनाईड किंवा फ्लुटिकासोन हे स्टिरॉईड यकृतात लवकर मोडू देत नाही, आणि ते अंगात साचतं.

आतेचं कोडं तिथेच सुटलं. हट्टी गजकर्णासाठी ती कित्येक महिने इट्राकोनाझोल घेत होती. पंप रोजचाच, त्यामुळे तो औषध आहे हे त्वचेच्या डॉक्टरांना सांगायचं तिला सुचलंच नव्हतं.