समुपदेशकाला कोण शिकवणार? कौटुंबिक न्यायालयामागची पार्श्वभूमी

कौटुंबिक न्यायालयात आलेल्या नवरा-बायकोला बहुतेक वेळा न्यायाधीशांच्या आधी विवाह समुपदेशकासमोर बसावे लागते. तिच्या बाजूने वडील किंवा मामा बोलू लागतात, त्याच्या बाजूने आई. ज्यांचा संसार आहे ते दोघे गप्प. मग नातेवाइकांना बाहेर थांबवायचे, दोघांना आधी वेगवेगळे ऐकायचे, आणि ‘मला नांदायचं नाही’ या तीन शब्दांमागे मारहाण आहे, दारू आहे की सासर-माहेरची ओढाताण, हे ओळखायचे. मारहाण असेल तर समेटाची घाई जिवावर बेतू शकते. हे काम नुसत्या अनुभवावर किंवा चांगुलपणावर सोडण्यासारखे नाही, ते शिकावे लागते.

कोल्हापूरला घरातला अन्याय कायद्याच्या चौकटीत आणण्याची परंपरा जुनी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये विधवांच्या पुनर्विवाहाचा आणि १९१९ मध्ये आंतरजातीय विवाह, काडीमोड व स्त्रियांचा छळ यांविषयीचे कायदे केले. हिंदू विवाह कायदा आला तो १९५५ मध्ये. संस्थानाने इतक्या लवकर उचललेल्या या पावलांचा अभिमान वाटतोच, पण कायदा राबवणाऱ्या माणसांची तयारी हा प्रश्न तेव्हापासून आजवर मागेच पडत आला आहे.

कौटुंबिक दाव्यांसाठी वेगळ्या न्यायालयाची कल्पना समाजसेविका दुर्गाबाई देशमुख यांनी मांडली. १९५३ मध्ये चीनच्या दौऱ्यात त्यांनी तिथली कौटुंबिक न्यायालये पाहिली आणि परतल्यावर न्यायमूर्ती छागला, गजेंद्रगडकर आणि पंतप्रधान नेहरू यांच्याशी चर्चा केली. पुढे १९७४ मध्ये विधी आयोगाच्या ५९व्या अहवालाने कौटुंबिक दाव्यांसाठी नेहमीच्या दिवाणी पद्धतीपेक्षा वेगळी वाट सुचवली, १९७६ मध्ये दिवाणी प्रक्रिया संहितेत त्यासाठी आदेश ३२-अ आला, आणि महिला संघटनांच्या रेट्यानंतर १४ सप्टेंबर १९८४ रोजी कौटुंबिक न्यायालय कायदा झाला. महाराष्ट्रात पुणे आणि मुंबईची न्यायालये १९८९ मध्ये सुरू झाली. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत असे न्यायालय बंधनकारक होते. २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या आसपास असलेले कोल्हापूर त्या अटीत बसत नव्हते. अशा ठिकाणी गरजेनुसार न्यायालय स्थापण्याची मुभा कायद्याने राज्याला दिली होती, त्यामुळे कोल्हापूरलाही ते मिळाले.

या कायद्यात समाजकार्याला मानाचे स्थान आहे. कलम ५ समाजकल्याण संस्थांना न्यायालयाशी जोडते, कलम ६ समुपदेशक नेमायला सांगते, कलम ९ न्यायाधीशांवर आधी तडजोडीचा प्रयत्न करण्याची जबाबदारी टाकते, कलम १२ तज्ज्ञांची मदत घेऊ देते. पण कलम ६ मध्ये समुपदेशकांची संख्या, वर्ग आणि सेवाशर्ती यांचा विचार आहे, त्यांच्या सततच्या प्रशिक्षणाविषयी एक शब्दही नाही. माझ्या मते या कायद्यातली ही सर्वांत महागात पडलेली उणीव आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने ती थोडी ओळखली. पोलीस आणि न्यायिक सेवेतल्या लोकांसह सरकारी अधिकाऱ्यांना वेळोवेळी संवेदनशीलतेचे प्रशिक्षण देण्याची जबाबदारी त्याच्या कलम ११ ने सरकारवर टाकली.

या क्षेत्रातले ज्ञान न्यायालयाबाहेरही वाढत होते. १९३६ मध्ये सुरू झालेल्या टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्येच मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. पोलिसांच्या आवारात बसून प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या पीडितेची बाजू ऐकत, नोंदी ठेवत, आणि त्या नोंदींतून पुढच्या कामाची पद्धत घडत गेली. कौटुंबिक न्यायालयात अशी साखळी जुळवणे अवघड, कारण इथे गोपनीयता आड येते. समुपदेशकासमोर सांगितलेले बाहेर जाऊ नये, ही अट योग्यच आहे. तिच्याशिवाय कोण मोकळे बोलेल? मात्र २०१९ मध्ये पेरी कनसाग्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुलाच्या ताब्याच्या वादात समुपदेशकाचा अहवाल विचारात घेता येतो असे ठरवले, कारण तिथे मुलाचे हित सर्वांत वर. म्हणजे मुलाशी तासभर बोलून लिहिलेल्या दोन पानांवर त्याचे घर ठरू शकते. ती दोन पाने कशी लिहावीत, पाहिलेले आणि अंदाज वेगळे कसे ठेवावेत, पढवलेले मूल कसे ओळखावे, याचे शिक्षण मग ऐच्छिक राहूच शकत नाही.

कोल्हापुरात यासाठी लागणारे बरेच काही हाताशी आहे. शहाजी विधी महाविद्यालय १९३३ पासूनचे. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या ‘सायबर’ या इथल्या शिक्षणसंस्थेत समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण मिळते आणि क्षेत्रकार्य हा त्याचा गाभा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे मुख्य ठिकाणाबाहेर बसणारे पीठही इथे सुरू झाले, त्यामुळे कौटुंबिक न्यायालयाच्या निकालांवरील अपिलांसाठी मुंबई गाठण्याची गरज उरली नाही. नावगाव आणि ओळख पुसून निवडक प्रकरणे घ्यावीत, समुपदेशक, प्राध्यापक आणि वकिलांनी ती एकत्र बसून तपासावीत, समेट झालेल्या जोडप्यांचे वर्षभराने काय झाले याचा त्यांच्या संमतीने मागोवा घ्यावा. संशोधनाची सुरुवात एवढ्यावर होऊ शकते. त्यासाठी आधी उच्च न्यायालयाची परवानगी हवी, आणि समुपदेशकांच्या कामाच्या वेळेतूनच महिन्याची एक दुपार.