हस्तस्वच्छता (रुग्णशुश्रूषेतील)

शुश्रूषा करणाऱ्याच्या हातांवरून रोगजंतू पसरू नयेत म्हणून ठरावीक प्रसंगी हात साबण-पाण्याने धुण्याची किंवा अल्कोहोलयुक्त द्रवाने चोळण्याची पद्धती. रुग्णालयातील सिस्टर, आया, वॉर्डबॉय यांच्याइतकीच ती घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे करणाऱ्यांनाही लागू आहे. जुलाब, विषमज्वर, अ प्रकारची कावीळ आणि जखमांत पू करणारे स्टॅफिलोकॉकस व स्ट्रेप्टोकॉकस जंतू यांच्या प्रसारात हातांचा वाटा मोठा असतो.

इतिहास : चरकसंहितेच्या सूत्रस्थानात परिचारकाचे चार गुण दिले आहेत : उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शौच (शुचिता, स्वच्छता). संहितेचे उपलब्ध रूप एका काळातले नाही. तिचा गाभा साधारणपणे इसवी सनाच्या प्रारंभाच्या आगेमागे सिद्ध झाला असावा. या श्लोकात जंतुसंसर्गाची जाण दिसते, असे काही लेखक मानतात. पण तेथे शौचाची सांगड रोगप्रसाराशी घातलेली नाही, त्यामुळे हा अर्थ ताणलेला वाटतो.

आधुनिक पद्धतीचे श्रेय कोणाला द्यावे, याविषयी मतभेद आहेत. स्कॉटलंडमधील ॲबरडीनचे डॉक्टर अलेक्झांडर गॉर्डन यांनी १७९५ मध्ये सूतिकाज्वर (बाळंतिणींना जंतुसंसर्गाने येणारा घातक ताप) सुइणी व डॉक्टरांमार्फत पसरतो असे लिहिले. त्यात त्यांनी स्वतःलाही वगळले नाही. बोस्टनचे ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८४३ मध्ये तेच मत मांडून, बाळंतपणे करणाऱ्या डॉक्टरने या ज्वराच्या शवविच्छेदनात भाग घेऊ नये, असे सुचवले. कालक्रमाने दोघेही आधीचे. तथापि उपायाचा परिणाम आकड्यांत दाखवला तो व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात इग्नाझ झेमेलवाइस या डॉक्टरांनी.

तेथे दोन प्रसूतिविभाग होते. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी शिकत. १८४६ मध्ये पहिल्या विभागात ११.४ टक्के, तर दुसऱ्यात २.८ टक्के माता दगावल्या. मार्च १८४७ मध्ये याकोब कोलेच्का हे सहकारी शवविच्छेदनात विद्यार्थ्याच्या सुरीची जखम होऊन वारले. त्यांच्या शवातील विकृती बाळंतिणींच्या शवांतील विकृतींसारखीच आढळली. विद्यार्थी शवविच्छेदनगृहातून थेट प्रसूतिविभागात येत, सुइणी मात्र तेथे जात नसत. त्यावरून शवांतील दोष हातांवरून बाळंतिणींपर्यंत पोचतो, असे झेमेलवाइस यांनी ताडले. मेच्या मध्यापासून क्लोरीनच्या पाण्याने, पुढे ते महाग पडू लागल्याने ब्लीचिंग पावडरच्या द्रावणाने, हात धुणे सक्तीचे झाले. एप्रिलमध्ये १८.३ टक्के असलेला मृत्युदर जूनमध्ये २.२ टक्क्यांवर उतरला.

पुढची घटना कमी सांगितली जाते, वास्तविक शुश्रूषेच्या दृष्टीने तीच अधिक मोलाची. ऑक्टोबर १८४७ मध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाची एक स्त्री दाखल झाली. तिची खाट रांगेत पहिली, म्हणून तपासणी तिच्यापासून सुरू होई. विभागात शिरताना हात द्रावणाने धुतले जात. तिला तपासल्यावर मात्र केवळ साबणाने. त्या सुमारास तेथे प्रसूत झालेल्या बारापैकी अकरा स्त्रिया दगावल्या. जिवंत रुग्णाकडूनही दोष वाहून येतो हे उघड झाले, आणि दर दोन रुग्णांमध्ये द्रावणाने हात धुण्याचा नियम आला.

झेमेलवाइस यांचे १८६५ मध्ये व्हिएन्नातील मनोरुग्णालयात निधन झाले. बोटाच्या जुन्या जखमेतून रक्तदोष (रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग) झाला, ही परंपरागत हकिगत. तेथील मारहाणीच्या जखमा कारणीभूत ठरल्या, हे नंतरच्या चरित्रकारांचे मत अधिक संभवनीय दिसते.

प्रसंग व कृती : जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत पाच प्रसंग सांगितले आहेत : रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, जखमेची पट्टी, लघवीची नळी यांसारखे निर्जंतुक काम करण्यापूर्वी, रक्त, मलमूत्र इत्यादींशी संपर्काचा संभव आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर, आणि खाट, चादर यांसारख्या त्याच्या भोवतालच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. शेवटचा प्रसंग हमखास विसरला जातो. धुण्याची संपूर्ण क्रिया ४० ते ६० सेकंदांची, अल्कोहोल चोळण्याची २० ते ३० सेकंदांची. अंगठा, बोटांची टोके व बेचके यांत मळ राहतो. अंगठ्या आणि लांब नखे अडचणीची ठरतात.

संघटनेने दिलेल्या एका कृतीनुसार हातांना चोळण्याच्या द्रवात आकारमानाने ८० टक्के इथेनॉल, १.४५ टक्के ग्लिसरॉल व ०.१२५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असते. पेरॉक्साइड द्रवातच राहिलेली बीजुके (काही जंतूंची टणक कवचाची सुप्त रूपे) मारण्यासाठी घालतात, हातांसाठी नव्हे. हात दिसण्यासारखे माखले असतील किंवा रुग्णाला क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या बीजुके करणाऱ्या जंतूचे जुलाब असतील तर साबण-पाणीच वापरावे, कारण अल्कोहोलने बीजुके मरत नाहीत.

घरगुती शुश्रूषेत एकाच तसराळ्यात सर्वांनी हात बुडवणे निरुपयोगी. नळ नसल्यास दुसऱ्याने तांब्याने वरून पाणी ओतावे. मातीत जंतांची अंडी असू शकतात, म्हणून ती टाळावी. राखेच्या उपयोगाचा पुरावा तुटपुंजा आहे. हातमोजे घातले तरी काढल्यावर हात धुवावे लागतात.

फुप्फुसाचा क्षय हवेवाटे आणि डेंग्यू डासांमार्फत पसरतो. त्यांना हस्तस्वच्छतेने आळा बसत नाही. क्षयात खेळती हवा व मुखपट्टी, डेंग्यूत रुग्णालाही दिवसा मच्छरदाणी हे उपाय होत.