सायलेन्सरमधून निसटणारी ताकद

इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलचा ढोबळ हिशेब असा: एक तृतीयांश ऊर्जा गाडी ओढते, एक तृतीयांश रेडिएटरवाटे जाते आणि तेवढीच सायलेन्सरवाटे उडून जाते. चाळीसगावहून कन्नडचा घाट भरल्या गाडीने चढताना बाहेर पडणारा वायू डिझेल ट्रकमध्येही ५०० अंशांच्या पुढे तापतो. इतकी उष्णता वाया घालवणं परवडणारं नाही.

ती पकडण्याचा सगळ्यात यशस्वी उपाय म्हणजे टर्बो. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. बाहेर पडणारा तप्त वायू एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र ताजी हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतं. हवा जास्त, म्हणून डिझेलही जास्त जाळता येतं.

खानदेशात याचं मोल अधिक. ४५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ९ टक्के विरळ असते, म्हणजे साध्या इंजिनाची ताकद जळगावच्या मे महिन्यात आपोआप घटते. टर्बो ती तूट भरून काढतो. मात्र दाबलेली हवा स्वतःच शंभर अंशांपलीकडे तापते, म्हणून ती इंटरकूलरमधून थंड करून घ्यावी लागते. त्याची जाळी धुळीने बुजली की पिकअप गेलाच. मुरलेले ड्रायव्हर घाट चढून आल्यावर गाडी लगेच बंद करत नाहीत, मिनिट-दोन मिनिटं न्यूट्रलवर चालू ठेवतात. ते अगदी बरोबर आहे. टर्बोचा दांडा तेलाच्या थरावर फिरतो, मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो. इंजिन बंद केलं की तेल जागीच थांबतं, तापलेल्या धातूवर करपतं आणि बेअरिंगमध्ये कार्बन साचतो.

टर्बोनंतरही वायूत बरीच उष्णता उरतेच. बीएमडब्ल्यूने २००५ मध्ये तिच्यावर वाफ तयार करून दाखवली. भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात वाफेच्या जोरावर चक्र फिरवतात, तेच तत्त्व गाडीत बसवलेलं. १० किलोवॅट जादा ताकद आणि १५ टक्क्यांपर्यंत इंधनबचत, असा कंपनीचा दावा होता. पण ते यंत्र बाजारात आलं नाही. वाफ पुन्हा थंड करायची तर गार बाजू हवी, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात आहे तो रेडिएटरच मेटाकुटीला आलेला असतो.

रावेर-सावद्याहून केळी घेऊन तासन्‌तास उत्तरेकडे धावणाऱ्या ट्रकांना मला दुसरा मार्ग जास्त योग्य वाटतो. स्कॅनियाने १९९१ मध्ये ट्रकमध्ये आणलेल्या टर्बो-कंपाउंड इंजिनात टर्बोनंतर आणखी एक टर्बाइन, म्हणजे वायूवर फिरणारं चक्र, असते आणि ती गिअरमधून थेट क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याला, जोर देते. तिला ना वाफ लागते, ना ती थंड करायला वेगळा रेडिएटर.