टायर दाब निरीक्षण

वाहनाच्या टायरमधील हवेचा दाब उत्पादकाने ठरवलेल्या मर्यादेत आहे की नाही, यावर लक्ष ठेवण्याची पद्धत. गाडीचा भार मुख्यतः रबर नव्हे, तर टायरमधली दाबाखालची हवा पेलते. ती कमी झाली की दर फेऱ्याला टायरची बाजू जास्त दबते, पुन्हा सरळ होते आणि या सततच्या वाकण्याने टायर आतून तापतो. वेग आणि ओझे वाढले की आतले थर सुटू लागतात, शेवटी टायर फुटतो. हवा जास्त भरल्यानेच टायर फुटतात ही समजूत रूढ आहे. प्रत्यक्षात कमी हवाच अधिक घातक. ओल्या रस्त्यावर असा टायर कमी वेगातही पाण्यावर तरंगू लागतो आणि ब्रेक व स्टिअरिंग दोन्ही निकामी ठरतात. जादा हवेने मात्र रस्त्यावरची पकड घटते आणि टायर मधोमध झिजतो.

आजच्या बहुतेक कारना असणाऱ्या रेडियल टायरची हवा बरीच उतरली तरी तो दिसायला ठीकच असतो. त्यामुळे नजरेचा किंवा लाथ मारून पाहण्याचा अंदाज फसवा. दाब गेजने, टायर थंड असताना, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी राहिल्यावर मोजावा. योग्य आकडा बहुधा चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर असतो. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा. तापमान १० अंश सेल्सिअसने उतरले तर कारच्या टायरमधला दाब सुमारे दीड पीएसआयने (पौंड प्रति चौरस इंच) घटतो.

स्वयंचलित यंत्रणा दोन प्रकारच्या आहेत. प्रत्यक्ष प्रकारात चाकातला सेन्सर दाब मोजून रेडिओ लहरींनी कळवतो. अप्रत्यक्ष प्रकार एबीएसच्या (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरवर चालतो : हवा उतरलेल्या चाकाची त्रिज्या किंचित घटते, ते इतरांपेक्षा जलद फिरते आणि यंत्रणेला तेवढा फरक पुरतो.

फायरस्टोन टायर आणि फोर्ड एक्स्प्लोरर गाड्यांच्या अपघात प्रकरणानंतर अमेरिकेने २००० मध्ये कायदा केला. पुढे तेथील नव्या हलक्या वाहनांना ही यंत्रणा सक्तीची झाली. युरोपीय संघात सर्व नव्या कारसाठी ती नोव्हेंबर २०१४ पासून आली. अमेरिकी नियमानुसार दाब २५ टक्के घटला की चालकासमोरचा इशाऱ्याचा दिवा लागायला हवा. ही घट थोडी नव्हे, म्हणून दिवा लागेपर्यंत थांबणे शहाणपणाचे नाही. स्टेपनीवर तर बहुतेक यंत्रणांची नजरच नसते. अप्रत्यक्ष यंत्रणा कमी हवेवरच रीसेट केली, तर ती त्याच दाबाला योग्य धरून चालते.