भग्नावशेषांची जुनी मुद्राचित्रे: ‘मूळ’ म्हणायचे कशाला?

पडक्या वास्तूंची छापील चित्रे जमवण्याचा नाद निदान १६व्या शतकाइतका जुना आहे. अँटवर्पमध्ये १५५१ साली रोमच्या भग्नावशेषांचा एक संच निघाला. त्याच शतकात रोममधले प्रकाशक सुटी पाने विकायला ठेवत. गिऱ्हाइकाने हवी ती निवडायची आणि आपल्या आवडीने बांधून घ्यायची, त्यामुळे तेव्हाचे असे दोन संग्रह तंतोतंत जुळत नाहीत. पुढे सीरियातले पाल्मिरा (१७५३), लेबनॉनमधले बालबेक (१७५७) आणि अथेन्स (१७६२) यांच्यावर मोजमापांसकट जाडजूड ग्रंथ आले आणि ढासळलेल्या खांबांना अभ्यासाची प्रतिष्ठा मिळाली. संग्राहकांचा खरा वाद मात्र १८व्या शतकातल्या रोमपासून सुरू होतो.

व्हेनिसहून तिथे आलेल्या जोव्हान्नी बात्तिस्ता पिरानेसी या कलावंताचे काम या छंदातल्या प्रत्येकाने पाहिलेले असते. १७४८च्या सुमारास त्याने रोमची मोठी दृश्ये करायला घेतली आणि १७७८मध्ये मरेपर्यंत त्या मालिकेच्या १३५ तांब्याच्या छपाई-प्लेट केल्या. बाजारात त्यांना सर्रास ‘एनग्रेव्हिंग’, म्हणजे अवजाराने थेट तांब्यात कोरलेले चित्र, म्हणतात. खरे तर ते मुख्यतः एचिंग आहे: तांब्यावर थर द्यायचा, तो सुईने खरवडायचा आणि उघडे पडलेले तांबे अॅसिडला खाऊ द्यायचे. हा घोळ चालवून घेता येतो. ‘मूळ’ या शब्दाचा येत नाही.

कारण कलावंत गेला तरी प्लेट राहिल्या. शतक संपता संपता मुलांनी त्या पॅरिसला नेल्या आणि तिथे पुन्हा छापल्या. १८३०च्या दशकात तिथेच आणखी एक आवृत्ती निघाली. त्या दशकाच्या अखेरीस पोपच्या सरकारने त्या विकत घेऊन रोमला परत आणल्या आणि छपाई तिथेही चालूच राहिली. मग १७६५ची प्रत मूळ आणि १८४०ची काय म्हणायची? नक्कल म्हणता येत नाही, कारण तांबे तेच आणि रेघाही त्याच हाताच्या. मूळ म्हणावे तर आकाशातल्या बारीक रेघा झिजून गेलेल्या असतात आणि कमानीखालचा काळोख सपाट दिसतो. विक्रेते दोन्हींवर बिनदिक्कत ‘मूळ’ लिहितात. तांत्रिकदृष्ट्या ते खोटे नाही, म्हणून तर जास्त खटकते. ‘हयातीतली छाप’ आणि ‘मरणोत्तर छाप’ हे शब्द असताना ते न वापरणे मला लबाडीच वाटते.

ओळखायचे कसे, तर पानाच्या तळाशी बघायचे. अनेक दृश्यांच्या सुरुवातीच्या छापांवर त्याच्या दुकानाचा पत्ता आणि पानाची किंमत, अडीच पाओली (तेव्हाचे रोममधले नाणे), कोरलेली असते. नंतर आधी किंमत पुसली गेली, मग पत्ताही. जोडीला कागदाचा वॉटरमार्क, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटलेली खूण, उजेडाकडे धरून पाहायचा.

१८२०च्या दशकात पोलादी प्लेट आल्या आणि एका प्लेटवरून हजारो प्रती निघू लागल्या. प्रवासवर्णने चित्रांनी भरली. आज स्वस्तात मिळणारी बरीच पाने अशा पुस्तकांतून कापून काढलेली असतात. रंग तर कित्येकदा अगदी अलीकडे भरलेले असतात. पुस्तक फाडून पाने विकण्यावर संग्राहकांत दोन तट आहेत. मी फाडणाऱ्यांच्या बाजूचा नाही.

स्कॅनिंग आल्यावर हाच शब्द कोर्टात गेला, कारण इंग्रजीत ‘मूळ’ आणि ‘मौलिक’ दोन्हींना ‘ओरिजिनल’च म्हणतात. दोनशे वर्षांपूर्वीच्या चित्रावर कॉपीराइट उरत नाही, हे सगळ्यांना मान्य होते. प्रश्न त्याच्या फोटोचा होता. न्यूयॉर्कच्या एका केंद्रीय न्यायालयाने १९९९मध्ये जुन्या रंगचित्रांच्या हुबेहूब फोटोंबद्दल सांगितले की त्यात मौलिकता नाही, म्हणून हक्कही नाही. युरोपातल्या बऱ्याच संग्रहालयांनी ते मनावर घेतले नाही. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने तर २०१८मध्ये उलट कौल दिला: कलाकृती खुली, म्हणजे कॉपीराइट संपलेली, असली तरी तिच्या फोटोला साधा फोटो म्हणून संरक्षण आहे. वर्षभराच्या आत युरोपीय संघाच्या निर्देशाने तो रस्ता बंद केला. खुल्या दृश्यकृतीची प्रतिकृती स्वतः मौलिक नसेल तर तिच्यावर हक्क नाही. सदस्य देशांना कायदे बदलायला जून २०२१ची मुदत होती. त्याआधीच अॅमस्टरडॅम आणि न्यूयॉर्कमधल्या दोन बड्या संग्रहालयांनी आपापल्या खुल्या चित्रांचे स्कॅन मोकळे केले होते, न्यूयॉर्कच्या संग्रहालयाने २०१७मध्ये. इतरांना ते का जमू नये, हे मला अजून उमगलेले नाही. स्कॅनिंगला खर्च येतो हे खरे, पण खर्च झाला म्हणून मौलिकता येत नाही.

२०१५मध्ये पाल्मिराचे बेल या प्राचीन देवाचे मंदिर सुरुंगांनी उडवले गेले. १७५३च्या ग्रंथातली त्याची मोजमापी पाने तेव्हापासून वेगळ्याच नजरेने पाहिली जातात.

अशी पाने ऑनलाइन टाकताना पुष्कळजण कडा छाटून नुसते चित्र ठेवतात. तळाचा पत्ता, किंमत आणि प्लेटच्या दाबाची चौकट त्या कापातच जाते आणि छाप कोणत्या काळातली हे मग कळायचा मार्ग राहत नाही.