कळलावीच्या फुलातला काटकोन

श्रावण लागला की कळलावीच्या लाल-पिवळ्या फुलाचा फोटो मोबाईलवर फिरायला लागतो आणि खाली लिहिलेलं असतं, ‘सर्पदंशावर रामबाण कंद’. हे साफ खोटं आहे. कळलावीच्या कंदाने कोणत्याही सापाचं विष उतरत नाही. उलट कंदात कोल्चिसिन नावाचं जहाल विष असतं. पेशीचं विभाजन होताना गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढणारे सूक्ष्म धागे ते तयारच होऊ देत नाही. कंद पोटात गेला की काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात, पुढे अस्थिमज्जेचं काम बंद पडतं, माणूस दगावू शकतो. साप चावला तर एक मिनिटही न दवडता सरकारी दवाखाना गाठा, प्रतिविष तिथे मिळतं.

मला खरं सांगायचंय ते तिच्या फुलाबद्दल. गौताळ्याच्या जंगलात, बालाघाटाच्या उतारांवर, बांधावरच्या झुडपांत पानांच्या टोकांचे तणावे गुंडाळत ही वेल वर चढते. फूल खाली तोंड करून लोंबतं, पण त्याच्या सहा पाकळ्या उलट्या वळून आभाळाकडे जातात. सहा पुंकेसर चहूबाजूंना आडवे पसरतात. आता मधोमध पाहा. अंडाशयातून निघालेली कुक्षीवृंताची दांडी सरळ खाली यायला हवी होती. ती बुडापाशीच काटकोनात वळते आणि पुंकेसरांच्याच पातळीत एका बाजूला आडवी जाते.

हा काटकोन कशासाठी? मकरंद असतो प्रत्येक पाकळीच्या बुडाशी, म्हणजे फुलाच्या मध्याजवळ. परागकोश तिथून चांगले दोन बोटं लांब, पुंकेसरांच्या टोकाला. लहान मधमाशी मकरंद पिऊन जाते, तिला परागकण लागतही नाहीत. मोठं फुलपाखरू मात्र पाकळीच्या बुडाशी सोंड घालून पंख फडफडवतं आणि पंखांची खालची बाजू बाहेरच्या परागकोशांवर घासते. फुलपाखरं सहसा सोंडेवर किंवा डोक्यावर परागकण नेतात, इथे ते पंखांवरून जातात. दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी 2020 मध्ये कळलावीबाबत हेच दाखवलं.

आता दांडी सरळ खाली आली असती तर कुक्षी, म्हणजे परागकण घेणारं तिचं टोक, फुलाच्या मधोमध, पंखांच्या पोहोचेबाहेर राहिली असती. आडवी वळल्यामुळे ती परागकोशांइतक्याच अंतरावर येते. पंखाच्या ज्या भागावर आधीच्या फुलाचे परागकण चिकटलेले असतात, नेमका तोच भाग तिला लागतो. अर्थात सहा पाकळ्यांपैकी दांडीच्या शेजारच्या पाकळीवर फुलपाखरू बसलं तरच. बाकीच्या पाकळ्यांवर ते बसलं तर फूल परागकण देतं, घेत नाही. एकाच फुलात देण्याच्या जागा जास्त आणि घेण्याच्या कमी, अशी ही रचना मला फार देखणी वाटते.

कोल्चिसिन बियांतही असतं. अगदी मोजक्या मात्रेत ते गाऊट या सांध्यांच्या आजारावर औषध म्हणून दिलं जातं, त्यामुळे तामिळनाडूत शेतकरी बियांसाठी कळलावीची लागवड करतात. पण शेतात नुसत्या कीटकांच्या भरवशावर शेंगा पुरेशा धरत नाहीत. मग पंखांचं काम माणसांना करावं लागतं: सकाळी मजूर वेलींमधून फिरतात आणि एका फुलाचे परागकण दुसऱ्या फुलाच्या त्या आडव्या दांडीच्या टोकाला हाताने लावतात.