रिपोर्ट नॉर्मल, झटके चालूच: एका जोड-निदानाची पार्श्वभूमी

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत मेंदूविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यांबाहेर फायली घेऊन बसलेल्यांत एक पेशंट हमखास असतो. मिरगीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू, डोस वाढत गेलेला, एमआरआय साफ, तरी झटके थांबत नाहीत. मग कधीतरी व्हिडिओ-ईईजी होतो, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख आणि झटक्याचं चित्रण एकाच वेळी. ऐन झटक्यातही आलेखात मिरगीची खूण सापडत नाही. पेशंट मानसोपचाराकडे जातो आणि तिथे दुसरंच नाव कळतं: पीटीएसडी, म्हणजे एखाद्या जबर आघातानंतर मागे राहणारा मनाचा आजार. घरचे चक्रावतात, फीटचा आणि त्या जुन्या आघाताचा काय संबंध? असे सगळेच झटके आघातातून येत नाहीत, पण संबंध आहे आणि तो जुना आहे. वैद्यकशास्त्राने तो एकदा ओळखला होता, मग हातचा घालवला.

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात १८७० च्या सुमारास मिरगीच्या आणि हिस्टेरियाच्या (मिरगी नसताना झटके येणाऱ्या) बायका एकाच विभागात ठेवल्या गेल्या. तिथले प्रमुख डॉक्टर ज्याँ-मार्तँ शार्को त्यांचे झटके भरल्या सभागृहात दाखवत, फोटो काढून घेत. बघायला लेखक, नट, हौशे-गवशे सगळेच. त्या तमाशात शार्कोंचं खरं मोलाचं निरीक्षण झाकलं गेलं: रेल्वेच्या किंवा कामावरच्या अपघातातून वाचलेल्या धडधाकट पुरुषांनाही असेच झटके येत होते. त्यांच्याच परंपरेतल्या पिएर जाने यांनी १८८९ मध्ये पुढचं पाऊल टाकलं. असह्य अनुभव जाणिवेपासून तुटून वेगळा राहतो आणि माणसाच्या नकळत त्याला चालवतो, असं त्यांचं म्हणणं. आजचे तज्ज्ञ जवळपास हेच सांगतात. पण १८९३ मध्ये शार्को गेले आणि बायकांना झटके शिकवले जात होते, ही टीकाच लोकांच्या लक्षात राहिली. 'नाटकं करते' हा आपल्याकडचा सासुरवाशिणीला ऐकवला जाणारा टोमणा तेव्हा पॅरिसच्या डॉक्टरांच्या तोंडीही होता.

पुढे पहिलं महायुद्ध आलं. १९१५ मध्ये ब्रिटिश डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 'शेल शॉक'वर लिहिलं. जखम नसलेले सैनिक थरथरत होते, मुके होत होते, काहींना झटके येत होते. युद्ध संपलं, विषयही मागे पडला. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी तो पुन्हा लावून धरला, तेव्हा कुठे १९८० मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या आजारांच्या यादीत पीटीएसडी आला. झटके मात्र त्याच यादीत दुसऱ्याच प्रकरणात गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीतही पीटीएसडी एफ-४३.१ आणि हे झटके एफ-४४.५. एकाच माणसाचे दोन आजार, दोन खाती.

ईईजीचं श्रेय जर्मन डॉक्टर हान्स बर्गर यांचं. माणसाच्या मेंदूचा पहिला आलेख त्यांनी १९२४ मध्ये घेतला, प्रसिद्ध केला १९२९ मध्ये. पुढे त्याला व्हिडिओची जोड मिळाली आणि मिरगी आहे की नाही, हा वाद बराचसा मिटला. मिटलेले डोळे, लांबत जाणारा आणि मधेच कमी-जास्त होणारा झटका ही लक्षणं संशय घ्यायला पुरतात, निदानाला नाही. काहींना दोन्ही प्रकारचे झटके असतात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात योग्य निदानाला सरासरी सात वर्षं लागल्याचं दिसलं. आणि शेवटी 'रिपोर्ट नॉर्मल' एवढंच कानावर पडलं, तर घरचे त्याचा अर्थ 'काहीच झालं नाही' असा घेतात. झटके खरे असतात, मुद्दाम केलेले नसतात, हे डॉक्टरांनी त्याच बैठकीत सांगायला हवं.

नागपुरात मानसोपचाराचा उंबरठा जड आहे, त्यालाही इतिहास आहे. इथलं मनोरुग्णालय १८६४ चं. लोकांच्या तोंडी अजून 'पागलखाना'च. नागपूरचे सुफी संत ताजुद्दीन बाबांनाही १८९२ मध्ये तिथेच ठेवलं होतं. १९०८ मध्ये नागपूरच्या राजघराण्यातल्या रघुजीराव भोसल्यांनी त्यांना बाहेर काढून आपल्या शक्करदऱ्याच्या वाड्यात नेलं. झटका आला की नाकाला कांदा नाही तर चप्पल लावायची आणि बाहेरची बाधा उतरवून घ्यायची, हा क्रम अजून पुरता सुटलेला नाही. कायदा मात्र बदलत गेला: १९१२ चा ल्युनसी अ‍ॅक्ट (वेड्यांसाठीचा कायदा), १९८७ चा कायदा, मग २०१७ चा. या शेवटच्या कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा द्यायला सांगितलं.

उपचारांची बाजू अजून घडते आहे. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात अशा झटक्यांसाठी खास बेतलेली सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयींवर काम करणारी बोलण्याची थेरपी, दिली होती. वर्षभराने महिन्यातल्या झटक्यांची संख्या नुसत्या नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत ठळकपणे कमी झालेली नव्हती. झटक्यांचा जाच मात्र कमी झाला होता आणि रोजचं जगणं सुधारलं होतं. पीटीएसडीसाठी आघातावर केंद्रित थेरपी वेगळी असते, तीही लागते. नवं निदान हाती पडलेल्याने मिरगीच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. मेंदूविकारतज्ज्ञच त्या हळूहळू उतरवतात, आणि दोन्ही प्रकार असतील तर चालूही ठेवतात. झटक्यात तोंडात चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. आजूबाजूचं टोकदार सामान हलवावं, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवावं. रात्री-बेरात्री बोलायला कुणी हवं असेल तर सरकारचा टेलि-मानस क्रमांक १४४१६ आहे, मराठीतही बोलता येतं.